जहाजावरून फिरलेला हात

बिरूअण्णा घरी आला की आधी भिंतीवरून हात फिरवायचा. मग दाराच्या चौकटीवरून, मग मी पुढे केलेल्या स्टीलच्या पेल्यावरून. चहा त्यानंतर. एकदा माझ्या नव्याकोऱ्या लोखंडी कपाटाच्या दारावरून त्याने तळहात खालून वर नेला, मध्येच थांबला आणि म्हणाला, "बाई, हितं पोट आलंय." मी डोळे फाडून पाहिलं, मला काही दिसेना. पण डोक्यात किडा शिरला. दुकानदाराला बोलावून दाराला पट्टी लावायला सांगितली, तर खरंच केसाएवढा फुगवटा निघाला. एवढं कोण बघतं, असं दुकानदार वैतागून म्हणाला. मी म्हटलं, आमच्या शेजारी एकजण आहे, तो बघत नाही, नुसता हात फिरवतो.

मी तेव्हा बिदरकडच्या दुबलगुंडीत मराठी शाळेवर विज्ञान शिकवत होते. माझं माहेर खटकचिंचोळीचं, म्हणजे मी काही परकी नव्हते, पण गावात मला सगळे 'बाई' म्हणत आणि दोन पावलं लांब उभे राहत. बिरूअण्णा आणि त्याची बायको गंगाक्का यांचं घर माझ्या भाड्याच्या खोल्यांना लागून होतं. मधे कमरेएवढं दगडी कुंपण. त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य मला ऐकू यायचं आणि उरलेलं गंगाक्का सांगायची.

तो जातीने धनगर. बापाने त्याला लहानपणीच मेंढरांच्या पाठीवर हात ठेवायला शिकवलं होतं. लोकरीखाली मांस किती, हाड किती, कुठे गाठ आहे, हे हाताला कळलं पाहिजे, डोळ्याला लोकर फसवते. पुढे पडीक रानं एकेक करून औताखाली गेली, नाहीतर तारेच्या आत गेली. मेंढरांनी चरायचं कुठे? कळप विकला. त्या वर्षांत आमच्याकडची धडधाकट माणसं मुंबई, पुणे, हैदराबाद अशी कुठे कुठे निघालीच होती, हाही हळ्ळीखेडच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मुंबईला गेला. गोदीत एका ठेकेदाराकडे लोखंड घासायचं काम मिळालं. गावाला एवढंच ठाऊक होतं, आणि पुढची दहा-बारा वर्षंही तेवढंच ठाऊक राहिलं.

तो वर्षातून दोनदा यायचा, दसऱ्याला आणि पाडव्याला. ठेंगणा, काळा, डोक्याला पटका, मुंबईच्या गाडीतूनसुद्धा खांद्यावर घोंगडं घेऊनच उतरायचा. कमरेला कापडाची लहान पिशवी, तीत मैलारच्या मल्लण्णाचा भंडारा. ती पिशवी आंघोळीलाच काय ती सुटायची.

आला की पहिल्या दिवशी अंगण आवरायचा. अंगणात काही म्हणजे काही दिसता कामा नये. बादली आत, दोरी आत, खाट उभी करून भिंतीआड, जळण ताडपत्रीखाली, ताडपत्रीचं टोकसुद्धा दुमडलेलं. सारवलेली मोकळी जमीन तेवढी राहायची. गंगाक्का कुंपणावरून मला म्हणायची, "बगा बाई, ह्यांच्या भ्यानं बादलीबी आमच्यासंगं घरात झोपायलीय." तो ऐकून हसायचा. का, ते मात्र सांगायचा नाही. मुंबईतलं काम, जागा, माणसं, जेवण, कशाबद्दल विचारलं तरी त्याचं एकच उत्तर असायचं, "हाय की. बरं हाय."

मला गप्प माणसांचा राग येतो. मी वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुक्या पोरालाही बोलतं करणारी बाई, आणि शेजारचा माणूस मला दाद देत नाही म्हणजे काय. मी गंगाक्कालाच छेडलं. तेव्हा तिने सांगितलं, "बोलत न्हाईत, बाई. भंडारा उचललाय त्यांनी. पयल्या खेपंलाच मला म्हनले, तितलं काई इचारू नगंस, मल्लण्णाची आन हाय."

आमच्या भागात कोर्टात खोटं बोलणारी माणसं आहेत, पण भंडारा उचलून खोटं बोलणारा मी पाहिलेला नाही. ही शपथ मोडली तर देव कुळापर्यंत मागे लागतो असा पक्का समज. बाप-लेकांचे, भावाभावांचे तंटे एका चिमटीभर हळदीवर मिटलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे गंगाक्काने त्याला पुन्हा विचारलं नाही. पण तिच्या मनात एक सल होता. दर खेपेला ती त्याचं घोंगडं आणि पटके झटकायची, तेव्हा घड्यांतून बारीक वाळू पडायची. "मुंबईला दर्या हाय म्हनत्यात. चौपाटीवर बसत असत्याल कुनासंगं," ती एकदा माझ्याकडे न बघता म्हणाली. मी ती वाळू उचलून बोटांत चोळली. काळपट होती, टोकदार होती, बोटाला गंज लागला. चौपाटीची वाळू अशी नसते, एवढं मला कळत होतं. तसं मी तिला म्हटलंही, पण नवऱ्याबद्दलचा संशय असा बोटाने पुसता येत नाही.

एका पाडव्याच्या खेपेला हेडमास्तरांनी त्याला शाळेचं फाटक सरळ करायला बोलावलं होतं. मी खिडक्या बंद करून मुलांना प्रकाशाचं परावर्तन दाखवत होते, हातात आरसा आणि बॅटरी. हा दारात येऊन उभा. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "बाई, रागावू नगा. दोन आरसे गुन्यात ठिवा की." गुन्या म्हणजे गवंड्याचा काटकोन. मी दोन आरसे काटकोनात उभे केले. "आता कुटूनबी बत्ती मारा, तुमच्याच डोळ्यावर येती." मी डावीकडून बॅटरी मारली, उजेड माझ्या तोंडावर. उजवीकडून मारली, पुन्हा माझ्याच तोंडावर. मुलं खिदळायला लागली. "आता येक जरासा कलवा." मी कलवला. उजेड भलतीकडे छपराला गेला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारलं. त्याचा चेहरा असा मिटला की मला वाटलं, मी काहीतरी वाईट बोलले. त्याने आरशावरून हात फिरवला, ठसा उमटला तो सदऱ्याने पुसला, आणि फाटकाकडे गेला. बी.एस्सी. मी होते, पण कोपरा आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतो हे मला त्या दिवशी कळलं, ते लोखंड घासणाऱ्या माणसाकडून.

दुसरी गंमत सलीमचाचांच्या गिरणीची. गिरणीच्या भिंतीला लागून एक घर, त्यात बाळंतीण. गिरणी सुरू झाली की भिंत हादरायची आणि बाळ दचकून रडायचं. बिरूअण्णा सुट्टीवर होता, कुणी सांगितलं नाही, बोलावलं नाही, आपणच गेला. जुने टायर आणि पट्ट्याचं रबर कापून त्याने गिरणीखाली, मोटारीखाली, बोल्टांखालीसुद्धा घातलं. लोखंड लोखंडाला कुठे टेकू द्यायचं नाही, एवढंच चाललं होतं. दोन दिवसांनी गिरणी अशी चालायला लागली की दारात उभं राहिलं तरी पत्ता लागू नये. बाळ झोपलं, बाळंतिणीने दुवा दिली. आठवड्याने सलीमचाचा हात जोडून अण्णाच्या दारात.

"क्या करको रखे रे बिरू, मेरी चक्की गूंगी हो गई. आवाज नै तो लोगां समजते, करंट नै. गिराईकच नै आता."

खरंच होतं. गावात वीज आली की नाही हे लोक गिरणीच्या आवाजावरून ठरवायचे आणि मग डबे घेऊन निघायचे. बिरूअण्णा डोकं खाजवत राहिला. ज्याला लपायचं नाही त्याचा आवाज काढून घेतला, ही चूक त्याला फार लागली. शेवटी मोटारीखालचं रबर त्याने काढलं, भिंतीकडचं ठेवलं. बाळही झोपलं आणि गिऱ्हाईकही आलं. "आपलं आपलं ठिकान असतंय, बाई," एवढंच तो मला म्हणाला.

तिसरी आठवण गमतीची नाही, निदान आता नाही.

हुमनाबादच्या दुपारच्या एसटीने पेपर यायचा. त्या दिवशी पहिल्या पानावर आपल्या आरमाराच्या नव्या युद्धनौकेचा मोठा फोटो होता, रडारला सहज न दिसणारी म्हणून. खाली किंमत. शून्यं मोजताना माझं डोकं फिरलं. बिरूअण्णा कुंपणापलीकडे बसून खुरपं घासत होता, गंगाक्का शेंगा फोडत होती. मी त्या दोघांनाच व्याख्यान दिलं. आमच्या वर्गाच्या पत्र्याला भोकं, प्रयोगशाळेला नळ नाही, आणि सरकार एवढा पैसा पाण्यात टाकतं, तोही दिसू नये म्हणून. एका जहाजात किती शाळा झाल्या असत्या.

मी दमले तेव्हा तो म्हणाला, "बाई, वाघूर म्हाईत हाय न्हवं?"

वाघूर म्हणजे रानात मेंढरांभोवती लावायची जाळी. मला ठाऊक होती.

"वाघूर लै जड. दिसभर पाठीवर वागवावी लागती. लांडगा येत न्हाई तवर निस्तं वज्जं."

"आणि लांडगा आलाच नाही तर?"

"मग कामी आली म्हनायचं."

"पण वाघूर लांडग्याला दिसते तरी. हे जहाज तर न दिसायला केलंय. न दिसणाऱ्याला कोण घाबरणार?"

त्याने खुरपं खाली ठेवलं. एवढं लांब तो कधी बोलला नव्हता. "लोखंड लोखंडच असतंय, बाई. गाडीचं बी तेच, जहाजाचं बी तेच. किंमत लोखंडाची न्हाई. आत मानसं असत्यात. त्यास्नी लांबून कुनी हेरू ने, ह्याची किंमत हाय. सरळ भित न्हाई, गुन्यातला कोपरा न्हाई, वर काई पडलेलं न्हाई. दोरी बी दाराआड. येक कोपरा चुकला की समदं वाया, मानसं उगडी पडत्यात."

मी फोटोकडे पाहिलं. जहाजाच्या भिंती खालून वर आत कललेल्या. कुठे काटकोन नाही. एरवी जहाजावर दिसतात त्या शिड्या, दोर, होड्या, काही नाही, सगळं झाकलेलं. मग मी कुंपणावरून त्याच्या अंगणाकडे पाहिलं. मग आरसे आठवले, गिरणीचा आवाज गिळणारं रबर आठवलं. गंगाक्का शेंगा घेऊन आत गेली होती.

"अण्णा," मी हळूच म्हटलं, "हे तुम्ही केलंत."

तो कुंपणाशी आला. हात पुढे करून पेपर मागितला आणि फोटोवरून तळहात फिरवला, खालून वर, कपाटावरून फिरवला होता तसाच. मी आयुष्यात बऱ्याच माणसांना बक्षिसं घेताना पाहिलंय, पण असा चेहरा पाहिलेला नाही. मग तो एकदम घाबरला. "तुमी वळखलाव, बाई. म्या सांगितलं न्हाई. खरं का न्हाई?"

"खरं. तुम्ही नाही सांगितलं."

"आता तुमीबी उचला."

त्याने पिशवी सोडून पुढे धरली. मी दर वर्षी शाळेत अंधश्रद्धेवर भाषण देणारी बाई. मी हसले, चिमूटभर भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि म्हटलं, घ्या, नाही सांगणार कुणाला. मला ती एक गंमत वाटली होती.

"गंगाक्काला तरी सांगा. तिला भलतंच वाटतंय," मी म्हटलं. "तिला कशाला वज्जं," तो म्हणाला. "बाजारात बायका इचारत्यात. तिच्या तोंडून येक शबुद गेला की आन मोडली. लेकरंबाळं न्हाईत आमास्नी, ती येकलीच हाय. देवाचं कायबी तिच्यावर येऊ ने."

म्हणजे मौन तिच्यासाठीच होतं, आणि तिला ते तिच्याविरुद्ध वाटत होतं. हे मला एकटीला माहीत होतं आणि मला सांगायची बंदी होती.

त्याच्या पुढच्या खेपेला खोकला बरोबर आला. पाडव्यापर्यंत अंग निम्मं झालं. गंगाक्का म्हणाली, बाई, तुमी चला, आमाला डॉक्टरचं बोलनं कळत न्हाई. आम्ही तिघं गुलबर्ग्याला गेलो. डॉक्टर वयस्क, घाईत, कानडी आणि हिंदी मिसळून बोलणारे. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासायला दिली. मग त्यांनी सरळ विचारलं, "मुंबईत काम काय करत होता? दगड फोडायचं? वाळू, धूळ, असलं काही?"

बिरूअण्णा म्हणाला, "लोखंडाचं काम, साब."

"लोखंडाचं म्हणजे? धूळ असायची का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. हात कमरेच्या पिशवीवर गेला. "फुडलं सांगता येत न्हाई, साब."

मला सगळं ठाऊक होतं. ती काळी टोकदार वाळू मी बोटांत धरली होती. रंग देण्याआधी लोखंड पांढरं करायला हवेच्या जोराने वाळू मारतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. जहाजाच्या पोटातल्या बंद खोल्यांत तोंडाला पटका बांधून हा माणूस वर्षानुवर्षं ते करत असणार आणि मग हात फिरवून पाहत असणार, हे मला समोर दिसत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. देवाला भ्याले असं नाही. तो ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होता, त्या नजरेला मी भ्याले. माझ्यावर त्याने टाकलेला तेवढाच एक विश्वास होता, तो मोडायला मी तयार नव्हते. हे मी कितीही नीट मांडलं तरी त्याचा अर्थ बदलत नाही. मी गप्प बसले.

डॉक्टरांनी क्षय म्हणून गोळ्या लिहून दिल्या. आमच्याकडे छातीचं दुखणं म्हणजे क्षयच, त्यांना बिचाऱ्यांना दोष कसा देऊ. कित्येक महिने गंगाक्काने वेळेवर गोळ्या दिल्या, अंडी खाऊ घातली. गावात राहून, वाळूपासून लांब राहून त्याला जरा बरं वाटायला लागलं. ते गोळ्यांमुळे, असं सगळ्यांना वाटलं. आणि एक दिवस तो पटका बांधून, घोंगडं खांद्यावर टाकून निघाला.

मी कुंपणाशी आडवी गेले. "अण्णा, आता पुरे झालं. जाऊ नका."

"तिसरं हाय, बाई," तो जहाज हा शब्द गाळून अगदी हळू म्हणाला, गंगाक्काला ऐकू जाऊ नये म्हणून. "येक बाजू ऱ्हायलीय. दुसऱ्यानं घासली तर पोट ऱ्हातंय."

"राहू दे पोट. कुणाला कळणार आहे?"

"मला कळतंय की."

तो तिकडेच दीड वर्ष राहिला. दसरा चुकला, पाडवा चुकला, दुसरा दसराही चुकला. परत आला तेव्हा एसटी स्टँडपासून घरापर्यंतच्या वाटेत चार ठिकाणी खाली बसला. सलीमचाचांनी गिरणी बंद करून त्याला धरून आणलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने अंगण आवरलं नाही. बादली दोन दिवस बाहेरच होती आणि गंगाक्काने ती आत नेली नाही, तशीच बघत बसली.

या वेळी मी त्याला बिदरला नेलं, गंगाक्का घरीच राहिली. तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने छातीचा फोटो खिडकीच्या उजेडाला धरला. मग म्हणाली, "हा नुसता क्षय नाही. वाळूचं काम कोण करत होतं?"

मी बोलले. त्याच्या देखत बोलले. वाळू, हवा, बंद खोल्या, किती वर्षं, सगळं. जहाज हा शब्द मी काढला नाही, पण त्याने काय फरक पडतो. तो खाली बघत बसला होता. डॉक्टरीणबाईने मला बाहेर घेतलं. फुप्फुसात वाळू साठलीय, ती निघत नाही, म्हणाली. आधी कळलं असतं तरी गेलेलं परत आलं नसतं. पण ते पुन्हा कामावर गेले नसते. निदान काही वर्षं हातात राहिली असती. "तेव्हा कुणीच कसं सांगितलं नाही?" तिने विचारलं. तिने अगदी साधेपणाने विचारलं होतं, त्यात आरोप नव्हता. मला अजूनही तो प्रश्न तसाच्या तसा ऐकू येतो.

जीपमधून परत येताना हळ्ळीखेडचा फाटा आला. तेव्हा तो म्हणाला, "तुमी बोललाव, बाई."

"हो."

"माझ्यासाटी बोललाव. त्येचा दोस तुमाला न्हाई. म्या घेतलाय माझ्यावर." पुढच्या रविवारी गंगाक्काच्या हाती त्याने मैलारला नारळ धाडला, माझ्या नावाने. मी दोन वर्षं आधी बोलायला हवं होतं, असं मी त्याच्यापाशी कबूल करायचं ठरवलं होतं. तो नारळ पाहिल्यावर माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं की कामाचा काही कागद असेल तर मदतीसाठी अर्ज करता येईल. एका सकाळी गंगाक्काने ट्रंकेतून एक कागद आणून माझ्या हातात दिला. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला, घड्यांवर फाटायला आलेला, खाली त्याचा अंगठा. "ह्योच त्यो, बाई," तो अंगणातल्या खाटेवरून म्हणाला. "ह्येच्यावर अंगठा दिला आन् गेटाभाईर येऊन भंडारा उचलला. इंग्रजी हाय. मला कुनी वाचून दावला न्हाई. गेटावरचा मानूस म्हनला, आतलं आत ठिवायचं."

मी कागद उघडला. ठेकेदाराचा गेटपासचा कागद होता. आगपेटी आणि विडी आत आणू नये. कॅमेरा आणू नये. हत्यारं बाहेर नेऊ नयेत. पास हरवल्यास लगेच कळवावं. सुटीच्या वेळेआधी गेटाबाहेर पडू नये. पाच ओळी. न बोलण्याबद्दल एक अक्षर नाही. बायकोला सांगू नये असं नाही, डॉक्टरला सांगू नये असं नाही. त्याला कुणी शपथ घातलेली नव्हती. आत माणसं असणार, ती उघडी पडू नयेत, म्हणून त्याने ती आपणच घेतली होती आणि आपल्या छातीवर पाळली होती.

"वाचा की, बाई," तो म्हणाला. "मोट्यानं वाचा. तिलाबी ऐकू द्या."

मी पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलेलं आहे. त्या सकाळी मी कागदावर बोट ठेवलं आणि सावकाश, पाठ वाचून दाखवावा तसं वाचलं, "हे काम देशाच्या रक्षणाचं आहे. येथे काम करणाऱ्याने ते गुप्त ठेवावे. त्याच्या मौनावर जहाजातल्या माणसांचा जीव अवलंबून आहे." मी थांबले. तो खाटेवर जरा उठून बसला होता. मी पुढे वाचलं, "मात्र काम सोडून घरी परतल्यावर आपल्या पत्नीस सर्व सांगण्यास हरकत नाही."

"तसं लिवलंय?"

"तसं लिहिलंय."

त्याने कागद मागून घेतला. पाच ओळींवरून तळहात फिरवला, एकदा, मग परत एकदा. मी कुंपणाकडे बघत राहिले. कपाटातलं केसाएवढं पोट ज्याला कळलं होतं, त्याला काय कळायचं राहिलं असेल?

"कागद ल्हान हाय, बाई," तो म्हणाला. "वाचन मोटं झालं."

"इंग्रजी तसंच असतं, अण्णा."

तो हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला आणि त्या हसण्यानेही त्याला धाप लागली. धाप ओसरायला वेळ लागला. मग त्याने हाक मारली, "गंगे. हिकडं ये. बस."

ती खाटेशी बसली. त्याने उजवा तळहात तिच्यासमोर उभा धरला, बोटं वर, आणि सावकाश जरासा आत कलवला. "ही भित," तो म्हणाला. श्वास घेतला. "जहाजाची." पुन्हा श्वास. दहा-बारा वर्षांचं बोलणं साठलेलं होतं आणि एका दमात दोन शब्दांच्या वर निघत नव्हतं.

"असू द्या. बोलू नगा," गंगाक्का म्हणाली.

"बोलू दे. आता... परवानगी हाय."

तिने त्या हाताकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "ती वाळू तितलीच व्हय?"

त्याने मान हलवली.

"चौपाटीची न्हाई?"

"चौपाटी..." तो थांबला, दम घेतला. "चौपाटी म्या बगितलीच न्हाई, गंगे."

मी उठले. पुढचं माझ्यासाठी नव्हतं. फाटक ओढून घेतलं आणि शाळेकडे निघाले. परीक्षेच्या कामाला मला त्याच दिवशी हुमनाबादला जायचं होतं, परत आले तेव्हा त्याची मातीसुद्धा उरकलेली होती. निघताना कुंपणावरून एकदा मागे पाहिलं, तेवढंच माझं त्याला शेवटचं पाहणं. त्याचा हात अजून तसाच कललेला होता, आणि गंगाक्का त्याच्या तळहातावरून आपला तळहात हळूहळू खालून वर नेत होती.